जुन्या गाडीचं स्टिअरिंग अचानक गेलं, आणि मी वालचंद हिराचंदांपर्यंत पोचलो

इथे मी एरवी मोबाईल, अ‍ॅप आणि सेटिंगबद्दल लिहितो. आज विषय जरा वेगळा आहे. एका जुन्या गाडीचं स्टिअरिंग कसं गेलं, कमी पैशात बिघाड कसा सापडला, आणि ती गाडी आपल्याकडे बनायला लागली ती कोणामुळे, हे तिन्ही एकाच लेखात सांगणार आहे. शेवटपर्यंत वाचा. घरी जुनी गाडी असेल तर उपयोग होईल, नसेल तरी एका मोठ्या माणसाची गोष्ट कळेल.

नेमकं काय झालं?

आम्ही नागपुरात जरीपटक्याला राहतो. आबाजींची 1986 ची प्रीमियर पद्मिनी आहे. घरात तिला सगळे फियाटच म्हणतात. एका रविवारी सकाळी इंदोरा चौकातून दयानंद पार्ककडे येत होतो. वेग कमी होता, हे नशीब. वळण घेताना खालून टक्क असा आवाज आला आणि गाडी एकदम डावीकडे ओढली गेली. मी स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं. ते फिरलं, पण गाडी ऐकेना. ब्रेक दाबून कशीबशी कडेला थांबवली. उतरून पाहिलं तर उजवं चाक सरळ आणि डावं चाक भलत्याच दिशेला तोंड करून उभं.

गाडी टो करून घरी आणली. एका गॅरेजवाल्याने उभ्याउभ्याच सांगितलं की पूर्ण स्टिअरिंग बॉक्स बदलावा लागेल, साडेचौदा हजार लागतील. आईचं म्हणणं पडलं की आता बास, भंगारात द्या. आबाजी काहीच बोलले नाहीत. संध्याकाळी गाडीवर कापड टाकून आत आले आणि जेवले नाहीत. तेव्हा मी ठरवलं, बॉक्स खरंच गेला का ते आधी पाहायचं.

बिघाड शोधायचं साधं सूत्र

स्टिअरिंग म्हणजे एक साखळी आहे. तुम्ही चाक फिरवता, त्याची दांडी फिरते, ती बॉक्समधला पेचदार गिअर फिरवते. बॉक्समधून ड्रॉप आर्म हलतो, त्याला जोडलेले टाय रॉड हलतात आणि ते पुढची दोन चाकं वळवतात. जिथे दोन तुकडे जोडले जातात तिथे बॉल जॉइंट असतो. हालचाल कुठपर्यंत पोचते आणि कुठे अडकते, एवढंच शोधायचं.

- हातातलं स्टिअरिंग फिरतंय, पण दोन्ही चाकं हलत नाहीत: दांडीचा जोड, बॉक्स किंवा ड्रॉप आर्म पाहा.
- एक चाक वळतंय, दुसरं नाही: न वळणाऱ्या बाजूचा टाय रॉड किंवा त्याचा जॉइंट सुटलाय.
- दोन्ही वळतात, पण बरंच फिरवल्यावर: कुठेतरी झीज झालीय, किंवा बॉक्सचे बोल्ट ढिले आहेत.
- स्टिअरिंग फक्त जड झालंय: आधी टायरची हवा पाहा, मग ग्रीस.

आमचं लक्षण दुसऱ्या ओळीत बसत होतं. उजवं चाक वळत होतं, म्हणजे बॉक्सपर्यंत सगळं ठीक होतं. बॉक्स गेला असता तर दोन्ही चाकं गेली असती. साडेचौदा हजारांचा अंदाज इथेच कोसळला.

मोबाईल कसा वापरला?

हे नक्की करून पाहा. गाडी सपाट जागी, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना विटा लावलेल्या. गाडीखाली घुसायचं नाही. मोबाईल सेल्फी स्टिकला लावून पुढच्या चाकामागे सरकवायचा, टॉर्च चालू, व्हिडिओ स्लो मोशनवर. आत बसलेल्याने स्टिअरिंग वीतभर डावीउजवीकडे हलवायचं. नंतर व्हिडिओ सावकाश पाहायचा. चांगल्या जॉइंटमध्ये दोन्ही बाजू एकदमच हलतात. खराब जॉइंटमध्ये एक बाजू हलते आणि दुसरी उशिरा हलते, किंवा हलतच नाही.

आमच्या व्हिडिओत पाहताक्षणी दिसलं. डावीकडच्या टाय रॉडचं टोक चाकाच्या आर्ममधून निसटून लोंबकळत होतं. त्या टोकाची पिन निमुळती असते, ती आर्मच्या भोकात घट्ट बसते आणि खाचांचा नट तिला ओढून धरतो. नट फिरू नये म्हणून त्याच्या खाचेतून एक स्प्लिट पिन घालून तिची टोकं वाकवतात. आमच्या गाडीत ती स्प्लिट पिनच नव्हती. काही महिन्यांपूर्वी एका ठिकाणी जॉइंटचं रबर बदललं होतं, तेव्हा ती घालायची राहिली असणार. रोजच्या हादऱ्यांनी नट फिरत फिरत निघून गेला. पाच-दहा रुपयांची पिन!

आता पार्ट कुठे मिळणार?

मला खरी धाकधूक इथे होती. जवळजवळ चाळीस वर्षं जुनी गाडी, कारखाना कधीचाच बंद. पण आमच्याच भागातल्या एका सिंधी काकांनी एका जुन्या स्पेअर पार्टच्या दुकानाचा पत्ता दिला आणि तिथे चार दिवसांत दोन्ही बाजूंचे टाय रॉड एंड मिळाले. नवे, देशी बनावटीचे. मला आश्चर्य वाटलं. आपल्याकडे तीन वर्षांपूर्वीच्या फोनची बॅटरी मिळत नाही, आणि 1986 च्या गाडीचा जॉइंट मिळतो?

पार्टची वाट पाहत होतो त्या चार दिवसांत आबाजींनी विचारलं की गाडीच्या नावात प्रीमियर का आहे ते ठाऊक आहे का. मला नव्हतं. तिथून वाचायला सुरुवात केली आणि वालचंद हिराचंद सापडले.

सोलापूरचा मुलगा

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म 23 नोव्हेंबर 1882 चा, सोलापूरचा. घराणं गुजराती जैन, धंदा कापसाचा आणि सावकारीचा. आई लहानपणीच गेली. शाळा सोलापुरात झाली, मग मुंबईला सेंट झेवियर्स आणि पुण्याला डेक्कन कॉलेज. पदवी काही पुरी झाली नाही. घरच्या धंद्यात लक्ष घातलं, तर तिथेही नुकसान झालं. म्हणजे विशीतल्या वालचंदांकडे पाहून हा पुढे जहाजं, विमानं आणि मोटारी बनवायला निघेल असं कोणी म्हटलं नसतं.

त्यांना वाट सापडली ती लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत. फाटक हे रेल्वेत कारकुनी केलेले गृहस्थ. त्यांना काम ठाऊक होतं आणि वालचंदांकडे भांडवल उभं करायची ताकद होती. बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद रुळांच्या कामापासून दोघांनी ठेकेदारी सुरू केली. पुढे ही ठेकेदारी वाढत गेली. भोर घाटातले रेल्वेचे बोगदे, मुंबईला पाणी आणणारी तानसाची जलवाहिनी अशी मोठी कामं त्यांच्या कंपन्यांनी केली. 1926 साली त्यांनी जी बांधकाम कंपनी काढली तीच आजची हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन.

जहाज होतं, पण सुकाणू दुसऱ्याच्या हातात

पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा भारताचा माल समुद्रातून जायचा तो जवळजवळ सगळा ब्रिटिश कंपन्यांच्या जहाजांतून. भाडं ते ठरवणार, कोणाचा माल आधी घ्यायचा तेही तेच ठरवणार. वालचंदांनी बिघाड बरोबर ओळखला. माल आपला, व्यापारी आपले, मधला दुवाच आपला नाही.

ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचं एक जहाज युद्धात इस्पितळ म्हणून वापरलं गेलं होतं. नाव लॉयल्टी. ते विकायला निघाल्यावर वालचंदांनी नरोत्तम मोरारजी आणि इतरांसोबत ते घेतलं आणि सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली. 5 एप्रिल 1919 ला लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघालं. म्हणूनच आपण आजही 5 एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन पाळतो.

गोष्ट इथे गोड होत नाही. ब्रिटिश कंपन्यांनी भाडी इतकी पाडली की नव्या कंपनीचा श्वास कोंडला. 1923 साली सिंधियाला तडजोड करावी लागली. फक्त किनाऱ्यालगतच्या व्यापारात राहायचं आणि जहाजंही ठरलेल्या मर्यादेपलीकडे वाढवायची नाहीत. लॉयल्टी भंगारात गेलं. पण कंपनी टिकली. 1929 मध्ये नरोत्तम मोरारजी गेले आणि वालचंद अध्यक्ष झाले, ते 1950 पर्यंत.

जहाज चालवायचं तर ते बांधताही यायला हवं, हा त्यांचा पुढचा विचार. 21 जून 1941 ला विशाखापट्टणमला जहाजबांधणीच्या कारखान्याची पायाभरणी राजेंद्र प्रसादांच्या हस्ते झाली. पुढच्याच वर्षी जपान्यांनी त्या शहरावर बॉम्ब टाकले. तरी 1948 च्या मार्चमध्ये तिथून जल उषा पाण्यात उतरलं आणि त्याला पंडित नेहरू हजर होते.

मधल्या काळात शेतीही चालूच होती. नाशिक जिल्ह्यात रावळगाव आणि पुणे जिल्ह्यात इंदापूरजवळ वालचंदनगर, दोन्हीकडे माळरानावर ऊस आणि साखर कारखाना उभा राहिला. लहानपणी तुम्ही रावळगावची गोळी खाल्ली असेल, तर तीही या माणसाच्या उद्योगातूनच आलेली.

विमान आणि मोटार

1939 साली वालचंद अमेरिकेला गेले ते मोटार कारखान्यासाठी. सर विश्वेश्वरय्यांनी आधीच युरोप-अमेरिका फिरून अशा कारखान्याची योजना तयार केली होती. पैसा उभा करता येत होता, मुंबईत जागा मिळत होती. फोर्डशी जमलं नाही, क्रायस्लर तयार झाली. आता फक्त सरकारचा होकार हवा होता आणि तोच मिळाला नाही. महायुद्ध सुरू होतं आणि दिल्लीच्या ब्रिटिश सरकारला हिंदुस्थानात मोटार बनणं युद्धासाठी गरजेचं वाटलं नाही.

त्याच प्रवासात त्यांची एका अमेरिकन विमान व्यावसायिकाशी, विल्यम पॉली यांच्याशी गाठ पडली. मोटारीला नकार देणाऱ्या सरकारला युद्धासाठी विमानं मात्र हवी होती. म्हैसूर संस्थानाने जमीन आणि पैसा दिला आणि डिसेंबर 1940 मध्ये बंगळुरात हिंदुस्तान एअरक्राफ्ट सुरू झाली. 1941 मध्ये तिथे जुळवलेलं पहिलं विमान उडालं. 1942 मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेऊन कारखाना ताब्यात घेतला. आजची हिंदुस्तान एरोनॉटिक्स ती हीच. विचार करा, मोटार बनवायला निघालेला माणूस विमान बनवून आला, पण मोटार अजून हातात नव्हती!

ती आली युद्धाच्या शेवटी. 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली, मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभा राहिला आणि 1947 मध्ये, स्वातंत्र्याच्याच वर्षी, तिथून क्रायस्लरच्या गाड्या बाहेर पडू लागल्या.

जुळवणं वेगळं, बनवणं वेगळं

इथे माझ्या टाय रॉडचं उत्तर सापडतं, म्हणून नीट वाचा. भारतात मोटारी आधीही जुळवल्या जायच्या. जनरल मोटर्सने 1928 मध्येच मुंबईत शिवडीला जुळवणीचा कारखाना काढला होता. सुटे भाग पेट्यांतून यायचे, इथे बोल्ट आवळले जायचे, गाडी तयार. प्रीमियरची सुरुवातही तशीच झाली. पण वालचंदांचा आग्रह होता की हळूहळू भाग इथेच बनायला हवेत. पेटीतून आलेली गाडी मोडली, तर पुढच्या पेटीची वाट पाहत बसावं लागतं. भाग इथे बनला, तर तो बनवणारे हातही इथेच तयार होतात.

1953 मध्ये टॅरिफ कमिशनने हाच मुद्दा उचलला. ज्यांच्याकडे इथे भाग बनवायचा कार्यक्रम आहे, त्यांनीच राहावं. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला, प्रीमियर राहिली. तिने तोवर फियाटशी करार केला होता. पन्नाशीच्या दशकात फियाट 1100 आली, 1964 मध्ये तिचं नवं रूप आलं आणि 1970 च्या दशकात तिलाच पद्मिनी हे नाव मिळालं. मुंबईची काळीपिवळी ती हीच. गाडी बदलली नाही म्हणून लोकांनी नंतर तिला नावंही ठेवली, आणि ते खोटं नव्हतं. वर्षानुवर्षं गिऱ्हाइकाला दुसरा पर्यायच नव्हता. पण त्याच काळात लहान-मोठ्या कारखान्यांनी तिचे भाग बनवायला घेतले. मला चार दिवसांत जॉइंट मिळाला तो त्या सवयीमुळे.

वालचंदांनी यातलं फारसं पाहिलं नाही. 1949 मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. पुढच्या वर्षी ते कामातून बाजूला झाले. पत्नी कस्तुरबाईंनी त्यांची शुश्रूषा केली. 8 एप्रिल 1953 ला गुजरातेत सिद्धपूरला ते गेले. सागरी दिनानंतर बरोबर तीन दिवसांनी. ज्या कारखान्यासाठी त्यांनी इतकी वर्षं दारं ठोठावली, तिथली पद्मिनी यायला अजून वीस वर्षं होती. सांगलीच्या वालचंद कॉलेजातून दरवर्षी इंजिनिअर बाहेर पडतात. त्यातल्या किती जणांना नावामागचा माणूस ठाऊक आहे, हा प्रश्न मी स्वतःलाच विचारला. मलाही कुठे ठाऊक होता?

दुरुस्ती आणि खर्च

पार्ट आल्यावर ओळखीच्या एका मेकॅनिककडून काम करून घेतलं. स्टिअरिंगचं काम स्वतः करू नका. बिघाड शोधा, दुरुस्ती जाणत्याच्या हातून करा. आमचा हिशेब असा:

- टो: 800 रुपये
- दोन टाय रॉड एंड: 900 रुपये
- नवे नट आणि स्प्लिट पिना: 40 रुपये
- मजुरी: 400 रुपये
- व्हील अलाइनमेंट: 350 रुपये

एकूण 2,490 रुपये. कुठे साडेचौदा हजार आणि कुठे हे! उजवीकडचा जॉइंट सुटला नव्हता, पण पिन गंजून अर्धी झाली होती, म्हणून तोही बदलला. टाय रॉड उघडला की अलाइनमेंट करावीच लागते, ते 350 वाचवायला जाऊ नका. नाहीतर टायर एका बाजूने झिजतात.

तुमच्यासाठी पाच गोष्टी

1. स्टिअरिंगचं कुठलंही काम झालं की पैसे द्यायच्या आधी प्रत्येक नटावर स्प्लिट पिन आहे का ते पाहा आणि फोटो काढून ठेवा. जुनी पिन परत वापरू देऊ नका.

2. पुढचं चाक जॅक आणि स्टँडवर उचलून डावीउजवीकडून धरून हलवा. खडखड झाली तर टाय रॉडचा संशय घ्या. वरखालून धरून हलवल्यावर झाली, तर बेअरिंग किंवा सस्पेन्शनचा जॉइंट. नुसत्या जॅकवर कधीही विसंबू नका.

3. तुमची गाडी पंधरा-वीस वर्षं जुनी आणि इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगची असेल आणि ते एकदम जड झालं, तर घाबरू नका. मदत बंद झाली, जोड तुटलेला नाही. गाडी जोर लावून वळते. सावकाश कडेला घ्या. डॅशबोर्डवर स्टिअरिंगचा दिवा आहे का पाहा, फ्यूज पाहा, मल्टिमीटरने बॅटरी मोजा. बंद गाडीत साधारण 12.6 व्होल्ट आणि चालू गाडीत 13.8 ते 14.4 च्या आसपास हवेत. ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर मोबाईलला जोडून काही गाड्यांत कोडही वाचता येतो.

4. तेलाच्या पॉवर स्टिअरिंगमध्ये आधी तेलाची पातळी आणि बेल्ट पाहा.

5. पण स्टिअरिंग जड नसून सैल किंवा मोकळं झालं असेल, तर गाडी एक फूटही चालवू नका. टो करा. 800 रुपये वाचवायची ही जागा नव्हे.

गाडी परत आली तेव्हा आबाजींनी मला काही न सांगता किल्ली घेतली आणि दयानंद पार्कला एक चक्कर मारून आले. आल्यावर बॉनेटवरचं प्रीमियरचं चिन्ह फडक्याने पुसत बसले. त्या रात्री दोन पोळ्या जास्त जेवले. भंगाराचा विषय आईने पुन्हा काढला नाही.

तुमच्या घरी अशी गाडी, स्कूटर किंवा नुसता जुना मिक्सर असला, तरी फेकायच्या आधी एकदा पाहा की हालचाल नेमकी कुठे थांबलीय. लेख आवडला असेल तर घरातल्या जुन्या गाडीवाल्याला नक्की पाठवा. काळजी घ्या, आणि स्प्लिट पिन विसरू नका.